सर यदुनाथ सरकार यांची कागदपारख

सर यदुनाथ सरकार यांचें नांव मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस नवीन नाहीं. किंबहुना तें इतकें जुनें झालें आहे कीं, त्या नांवाभोंवतीं माजलेला वाद हाच पुष्कळांस त्यांचा परिचय वाटतो. पुण्यांत त्यांच्याविषयीं बोलावयाचें म्हणजे त्यांनीं मराठी साधनांस हीन लेखिलें, फार्सी तवारिखा व इंग्रज वखारवाल्यांचीं पत्रें यांवर विसंबून शिवचरित्र लिहिलें, एवढें सांगून थांबावयाचें. आणि पलीकडून त्यास उत्तर म्हणजे, पुणेकरांस सत्यापेक्षां अभिमान अधिक प्रिय, एवढेंच. दीपेश चक्रवर्ती यांचा २०१५ सालचा व टी. सी. ए. राघवन यांचा २०२० सालचा, अशा दोन इंग्रजी ग्रंथांनीं सरकार व रियासतकार सरदेसाई यांच्या स्नेहावर आणि त्या काळच्या इतिहासकारांच्या परस्परसंबंधांवर पुन्हां प्रकाश पाडिला आहे. दोन्ही ग्रंथ परिश्रमपूर्वक लिहिलेले असून संग्रहीं ठेवण्याजोगे आहेत. तथापि त्यांचा रोख माणसांकडे व इतिहासविद्येच्या समाजांतील स्थानाकडे आहे. ज्या कागदांवरून एवढें भांडण झालें, त्या कागदांकडे परत वळून पाहण्याचें काम आमच्यासारख्या रुमाल सोडणारांचें आहे, व तें प्रस्तुत लेखांत करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें म्हणणें आरंभींच सांगतों. यदुनाथांचा व पुण्याचा वाद मराठी विरुद्ध फार्सी असा भाषेचा नव्हता. तो कागदाच्या जातीचा होता. यदुनाथांस एका जातीचा कागद ओळखतां येई, आणि तो ते कोणत्याहि भाषेंत ओळखीत. दुसऱ्या जातीचा कागद त्यांच्या दृष्टीस कागदच वाटला नाहीं.

यदुनाथांचा जन्म १० डिसेंबर १८७० रोजीं राजशाही जिल्ह्यांतील करचमारिया गांवीं एका जमीनदार घराण्यांत झाला. हा मुलूख आतां बांगला देशांत आहे. १८९२ सालीं ते कलकत्ता विद्यापीठाच्या एम. ए. परीक्षेंत पहिल्या वर्गांत पहिले आले, तें इंग्रजी वाङ्मय घेऊन. आणि नोकरीचीं पहिलीं कित्येक वर्षें त्यांनीं शिकविलें तेंहि मुख्यतः इंग्रजीच. १८९७ सालीं त्यांस प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ति मिळाली. (ही शिष्यवृत्ति मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या देणगींतून निघालेली. महाराष्ट्राशीं यदुनाथांचा पहिला संबंध आला तो असा, पैशाच्या वाटेनें.) त्या निमित्तानें हातीं घेतलेल्या अभ्यासांतून औरंगजेबकालीन हिंदुस्थानचा भूगोल, आंकडे व रस्ते यांवरील त्यांचा पहिला ग्रंथ १९०१ सालीं बाहेर पडला. पाटणा कॉलेजांत त्यांची बहुतेक नोकरी झाली. मध्यंतरीं १९१७ सालीं बनारस हिंदु विश्वविद्यालय व १९१९ पासून कटकचें रेव्हेन्शा कॉलेज येथें ते होते. १९२६ सालीं निवृत्त होऊन दोन वर्षें कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरु झाले. १९२९ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली. या मानमरातबाशीं आम्हांस विशेष कर्तव्य नाहीं.

कर्तव्य आहे तें त्यांच्या कागद जमविण्याशीं. पाटण्यास खुदाबक्ष यांचें ग्रंथालय १८९१ सालीं सर्वांस खुलें झालेलें होतें, व तेथील फार्सी हस्तलिखितें हीच या इंग्रजीच्या अध्यापकाची खरी शाळा झाली. परंतु औरंगजेबाच्या कारकीर्दीचीं साधनें पाटण्यांत संपत नव्हतीं. लंडन, पॅरिस, रामपूर, हैदराबाद, जयपूर अशीं तीं विखुरलेलीं होतीं. येथें त्यांस विल्यम आयर्विन या निवृत्त मुलकी अधिकाऱ्याचें फार साह्य झालें. आयर्विन स्वतः उत्तरकालीन मोगलांचा इतिहास लिहीत होते. त्यांनीं विलायतेंतील पोथ्यांच्या नकला व छायाचित्रें मिळवून देण्याच्या कामीं या दूरच्या अध्यापकास आपला मानून मदत केली. १९११ सालीं आयर्विन वारले तेव्हां त्यांचा ग्रंथ अपुरा होता. यदुनाथांनीं तो संपादून १९२२ सालीं दोन भागांत छापून काढिला व शेवटीं आपली भर घातली. विद्येचें ऋण असें फेडलेलें आमच्या पाहण्यांत थोडें आहे.

१९१२ पासून १९२४ पर्यंत त्यांनीं औरंगजेबाचे पांच खंड प्रसिद्ध केले. त्यांची पद्धति आतां सर्वांस ठाऊक आहे, पण त्या वेळीं ती नवी होती. तवारीख ही मागाहून, दरबाराच्या आज्ञेनें वा स्मृतीवरून लिहिलेली; अखबार हा त्या दिवशींचा. म्हणून तवारिखेपेक्षां अखबार वरचढ, आणि अखबारापेक्षां सेनापतीनें बादशहास रणांगणावरून धाडिलेलें पत्र वरचढ. मोगल दरबारच्या अखबारांचा जो संग्रह टॉडनें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीस दिला होता, त्याच्या नकला यदुनाथांनीं करविल्या. मिर्झा राजे जयसिंगाचा मुनशी उदेराज याच्या ‘हफ्त अंजुमन’ नांवाच्या पत्रसंग्रहाचा उपयोग करून त्यांनीं पुरंदरच्या स्वारीचा वृत्तांत प्रत्यक्ष जयसिंगाच्या पत्रांतून उभा केला. जून १६६५ मधील तहांत तेवीस किल्ले व चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांकडे गेला, बारा किल्ले व एक लक्ष होनांचा मुलूख महाराजांकडे राहिला, हें आज शाळेंतील मुलगाहि सांगतो. परंतु त्या तहामागील हिशेब, जयसिंगाची विजापूरविषयींची चिंता, आणि तंबूंत बसून किल्ल्यांची घासाघीस करणाऱ्या दोन पक्षांचें चित्र आपणांस ज्या पत्रांतून दिसतें, तीं पत्रें बखरींत नव्हतीं. तसेंच आग्र्याच्या भेटीचें. जयपूरच्या दप्तरांतील राजस्थानी पत्रांमुळें त्या प्रकरणाचा दिवसवार वृत्तांत मिळाला. यदुनाथ व रघुवीरसिंह यांनीं संपादिलेला तो पत्रसंग्रह १९६३ सालीं, यदुनाथांच्या पश्चात्, छापला गेला. शिवचरित्रावर हे उपकार आहेत. ते न मानणें हा कृतघ्नपणा होय.

आतां वादाच्या स्थळीं येऊं. ‘शिवाजी अँड हिज टाइम्स’ हा ग्रंथ १९१९ सालीं निघाला. ग्रंथाला जोडलेल्या साधनांच्या यादींत यदुनाथांनीं प्रत्येक साधनाची प्रतवारी लाविली होती, आणि ही यादी, आमच्या मतें, मूळ ग्रंथापेक्षांहि अधिक वाचली गेली. त्यांत जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या सभासदाच्या बखरीस त्यांनीं मान दिला व १८१० च्या सुमाराच्या चिटणीशी बखरीस जवळ जवळ बाहेर काढिलें. या दोन निवाड्यांशीं आज फारसें कोणी भांडणार नाहीं. राजवाड्यांनीं स्वतः बखरींची जी झाडाझडती घेतली ती याहून कडक होती. खरा दंश पुढें होता. शिवकालचे मराठी राजकीय कागद जवळ जवळ उरलेलेच नाहींत, आणि जे छापले जात आहेत ते देशमुख-देशपांड्यांचे वतनाचे तंटे, इनामपत्रें, निवाडे असे खासगी व कायद्याचे कागद असून इतिहासाच्या दृष्टीनें त्यांचें मोल अल्प, असा त्यांचा अभिप्राय होता. हें मत बाहेर पडलें तेव्हां राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेंतील शिवकालीन घराण्यांचे खंड छापून झालेले होते. ज्या मनुष्यानें मावळांतल्या घराघरांतून माळे उपसून ते कागद आणिले, त्याच्या अनुयायांस हें वाक्य कसें लागलें असेल, तें सांगावयास नको.

याचें कारण बंगाली अभिमान, किंवा मराठीचें अज्ञान, असें पुण्यांत सांगितलें जाई. हें कारण टिकत नाहीं. यदुनाथ मराठी वाचीत होते. ‘हाउस ऑफ शिवाजी’ या १९४० च्या ग्रंथांत साने, खरे, राजवाडे व पारसनीस यांच्या कामगिरीविषयीं त्यांनीं जें लिहिलें आहे, तें परक्याचें लिहिणें नव्हे. आणि याहून मोठा पुरावा त्यांच्या मोगल साम्राज्याच्या पतनाच्या इतिहासाचा आहे. १९३२ पासून १९५० पर्यंत निघालेले हे चार खंड उघडून पाहावेत. अठरावें शतक सुरू होतांच मराठी पत्र हें या ग्रंथकाराचें आवडतें साधन होतें. कोट्याच्या गुळगुळ्यांचें दप्तर, पेशवे दप्तरांतील निवडक कागद, दिल्लीच्या मराठी वकिलांचीं पत्रें यांचा त्यांनीं मनमुराद उपयोग केला आहे. पारसनीसांच्या संग्रहांतील दिल्लीचीं फार्सी वार्तापत्रें त्यांनीं भाषांतरून दिलीं, तीं मुंबई सरकारनें १९५३ सालीं छापिलीं. त्या वेळीं त्यांचें वय ऐंशींच्या पुढें होतें. असा मनुष्य मराठी कागदाचा द्वेष्टा कसा म्हणावा?

भेद येथें आहे. अठराव्या शतकांतील मराठी वकिलाचें पत्र हा त्यांच्या ओळखीचा कागद होता: वर तारीख, खालीं लिहिणाराचें नांव, आंत आजची बातमी, फौजेची संख्या, कोण कोणास भेटला, कोणी काय देऊं केलें. म्हणजे तो मराठींतला अखबारच. सतराव्या शतकाच्या महजरांत हें कांहींच नसतें. त्यांत गोतानें बसून ठरविलेला निवाडा, साक्षीदारांच्या नांगराच्या व कट्यारीच्या निशाण्या, आणि चार पिढ्यांची हकीकत असते. लढाई असली तर ओघानें येते, ‘त्या धामधुमेंत आपले कागद गेले’ अशा रीतीनें. बातमी शोधणाऱ्या डोळ्यास हा कागद कोरा दिसतो. इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकास व्यक्ति, प्रसंग व स्वभाव यांचें जें आकर्षण असावयाचें, तेंहि यांत भर घालीत असेल. औरंगजेबाची शोकांतिका ज्यांनीं रंगविली, त्यांस पाटीलकीच्या तंट्यांत नायक कोठें सांपडणार?

परंतु राज्य केवळ लढाईनें होत नाहीं. यदुनाथांच्या ग्रंथाच्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या राज्याचें जें मूल्यमापन आहे, त्यांत महाराजांच्या कर्तृत्वाचा मोठा गौरव असून राज्याविषयीं मात्र तें स्वारी व लूट यांवर जगणारें, स्थैर्याचा पाया नसलेलें असा सूर आहे. हा निष्कर्ष त्यांनीं निवडलेल्या साधनांतून आपोआप निघतो. सुरतेच्या वखारवाल्यास स्वारी दिसते; जयसिंगास किल्ले दिसतात; अखबारनविसास फौज दिसते. वसूल कसा ठरला, कुळांस बीबियाण्याची मदत कशी दिली, देशमुखाचा हक्क कोठें मोडला व कोठें राखला, हें यांपैकीं कोणासहि दिसण्याचें कारण नव्हतें. चिपळूणच्या छावणींतील जुमलेदार-हवालदारांस १६७३ च्या मे महिन्यांत पाठविलेलें पत्र घ्यावें. पावसाळ्याचा दाणावैरण आधींच उधळूं नका, रयतेच्या घरचें कांहीं उचलूं नका, दिव्याची जळती वात उंदीर नेईल व गवताच्या गंज्या पेटतील, इतकें बारीक सांगणारें हें आज्ञापत्र लुटीवर जगणाऱ्या सरदाराचें आहे काय? १६७६ सालीं प्रभानवल्लीच्या सुभेदारास, रामाजी अनंत यास, लिहिलेलें पत्रहि असेंच: ज्यास बैल नाहीं त्यास बैल, ज्यास दाणा नाहीं त्यास दाणा देण्याविषयीं. हीं राजपत्रें खरीं. पण अशीं पत्रें सरकारी दप्तरखान्यांतून आलीं नाहींत. रायगडचें दप्तर १६८९ च्या धामधुमेंत नाहींसें झालें, हें यदुनाथांनींच सांगितलें आहे. मग शिवशाहीचा कागद उरला तो घरोघर, वतनदाराच्या पेटींत, ज्यास त्याचा उपयोग होता त्याच्याजवळ. सरकारी दप्तर जळालें म्हणून साधन नाहीं, असें म्हणणें फार्सी दरबाराच्या संवयीचें झालें.

याची सर्वांत बोलकी साक्ष जेधे शकावलीची आहे. ही शकावली कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची, लोकमान्य टिळकांनीं मंडळाच्या संमेलनांत पुढें मांडलेली, १९१६ सालीं छापलेली. तिच्यांतील तिथि इंग्रजी व फार्सी कागदांशीं ताडून पाहतां जुळूं लागल्या, तेव्हां यदुनाथांनींहि तिचा उपयोग केला. त्यांस ती पसंत पडली, कारण तिचें रूप तारीखवार नोंदीचें होतें. पण ती ज्या पेटींतून निघाली, त्या पेटींतले बाकीचे कागद मात्र त्यांच्या लेखीं वतनाचे तंटेच राहिले. एका घरची एक चिठ्ठी सोनें आणि तिच्या शेजारची माती, हें तर्काला धरून नाहीं.

हा दोष प्रांताचा नव्हता, याचा आणखी एक पुरावा कलकत्त्यांतच आहे. सुरेंद्रनाथ सेन यांनीं १९२० सालीं सभासदाचें इंग्रजी भाषांतर केलें व १९२३ सालीं मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, तो याच मराठी कागदांच्या आधारें. वाद करण्याऐवजीं त्यांनीं कागद वाचले. पुढें अ. रा. कुळकर्णी यांचा शिवकालीन महाराष्ट्रावरील १९६९ चा ग्रंथ, व जपानांतून आलेल्या फुकाझावा यांचे दख्खनच्या ग्रामव्यवस्थेवरील निबंध, यांनीं त्याच महजर-निवाड्यांतून बलुतें, मिरास, गोतसभा, देशमुखी हक्क यांचें जें चित्र काढिलें, तें कोणत्याहि अखबारांतून निघणें शक्य नव्हतें.

आतां थोडें घरचें. यदुनाथांच्या टोमण्यांत एक गोष्ट अगदीं खरी होती: १९१९ सालीं पुण्यांत मूळ फार्सी वाचून तिची छाननी करणारे संशोधक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेहि नव्हते. मराठी कागदाचा कैवार घेणें सोपें, पण त्याच कागदावरील फार्सी शिक्का व शेरा दुसऱ्याकडून वाचवून घ्यावयाचा, ही स्थिति लाजिरवाणी होती. ग. ह. खरे यांनीं फार्सी शिकून ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’ सुरू केलें तेव्हां ही उणीव भरूं लागली. पुढें सेतुमाधवराव पगडींनीं फार्सी ग्रंथच मराठींत आणिले. शिवचरित्रप्रदीप १९२५ चा, शिवभारत १९२७ चें, इंग्रजी पत्रांचा संग्रह १९३१ चा, शिवकालीन पत्रसारसंग्रहाचा पहिला खंड १९३० चा. एका तपांत एवढें काम कोणत्या ईर्षेनें झालें, हें सांगण्यास संकोच वाटण्याचें कारण नाहीं. विरोधक चांगला लाभला होता.

पेशवे दप्तराचें प्रकरण मात्र इतकें सुखान्त नाहीं. १९३० ते १९३४ या काळांत सरदेसायांनीं पंचेचाळीस खंड काढिले. एवढ्या थोड्या वेळांत एवढें काम करणारा दुसरा मनुष्य त्या वेळीं नव्हता, आणि त्यांच्या पाठीशीं यदुनाथांचा सल्ला व वजन होतें. पुण्याची तक्रार होती ती दप्तर एकास उघडें व इतरांस बंद, ही. ती रास्त होती. पण आम्हांस त्याहून दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. निवड झाली ती कोणत्या दृष्टीनें? सामाजिक व धार्मिक बाबींस जागा मिळाली आहे, परंतु फारच थोडी. बहुतेक खंड स्वाऱ्या, तह, घरगुती कलह व दरबारी पत्रें यांनीं भरलेले आहेत. जमाखर्च, ताळेबंद, झडत्या, पाहणीखर्डे यांच्या रुमालांस हात लागला नाहीं. म्हणजे १९१९ च्या यादींतली प्रतवारी मित्राच्या हातून दप्तरखान्यांत शिरली. छापलेला भाग तोच इतिहास आणि न छापलेला तो कचरा, अशी समजूत पुढें पिढ्यान्‌पिढ्या झाली, आणि कित्येक घरांतून ‘हे नुसते हिशेबाचे कागद आहेत’ म्हणून जें बंबांत गेलें, त्याची मोजदाद करणें कोणास शक्य नाहीं. हा आरोप आम्ही यदुनाथांवर करीत नाहीं. ते कागद जाळणारे नव्हते. पण प्रतवारी लावणाऱ्या मोठ्या माणसाचा शब्द कोठवर पोंचतो, हें संग्राहकांनीं ध्यानांत घ्यावें.

त्यांच्या स्वतःच्या संग्रहाची व्यवस्था चांगली लागली. हस्तलिखितें, नकला व छायाप्रती कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत. रघुवीरसिंहांनीं सीतामऊस फार्सी साधनांच्या प्रतींचा जो संग्रह उभा केला, तो आज नटनागर शोध संस्थानांत आहे. १९४७ च्या कलकत्त्यांतील दंग्यांत ज्येष्ठ पुत्र मारला गेल्यावरहि वृद्ध यदुनाथांनीं साम्राज्याच्या पतनाचा चौथा खंड पुरा केला. १९५८ सालीं ते वारले.

जन्मशताब्दीच्या निमित्तानें महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख विभागानें त्यांनीं केलेलें भीमसेन सक्सेन्याच्या ‘नुस्खा-इ-दिलकुशा’चें भाषांतर १९७२ सालीं प्रसिद्ध केलें. या भीमसेनावर यदुनाथांची विशेष मर्जी होती, आणि ती सार्थ होती. बऱ्हाणपूरचा हा कायस्थ दलपतराव बुंदेल्याच्या चाकरींत दक्षिणेच्या छावण्यांतून जन्मभर हिंडला. मनसबदारांस जहागिरीचा वसूल मिळेनासा झाला, जमीनदार मराठ्यांस जाऊन मिळाले, रयतेनें नांगर टाकून भाला घेतला, असें तो डोळ्यांनीं पाहिलेलें सांगतो. दरबारी लेखकांत न सांपडणारी हीच माहिती मोलाची, असें यदुनाथांनीं मानिलें. पण कोणता देशमुख, कोणत्या परगण्याचा, कोणत्या वर्षीं व कोणत्या वतनाच्या वचनावर फिरला, हें भीमसेन सांगत नाहीं. तें राजाराम महाराजांच्या, रामचंद्रपंतांच्या व शंकराजी नारायणांच्या सनदांत व कौलनाम्यांत आहे, आणि त्या सनदा देशमुखांच्या घरांतूनच निघाल्या आहेत. भीमसेनाचा वृत्तांत एका बाजूस व १६८९ ते १७०७ मधील छापलेल्या सनदा दुसऱ्या बाजूस ठेवून परगणेवार कोष्टक तयार करण्याचें काम मोडी व फार्सी दोन्ही येणाऱ्या एखाद्या अभ्यासकानें हातीं घ्यावें, अशी आमची सूचना आहे. ज्यांच्या घरीं या वर्षांच्या अप्रसिद्ध सनदा असतील, त्यांनीं तूर्त निदान तारीख, परगणा व वतनदाराचें नांव एवढें उतरून ठेवावें.